प्लास्टिकच्या झाडाला पाणी

माझ्या कार्डावर ‘सिनियर हॉर्टिकल्चरिस्ट’ असं छापलंय आणि कोपऱ्यात एक हिरवं पान आहे. ते पान जितकं खरं, तितकीच मी सांभाळते ती बाकीची पानं खरी. आयटी पार्कमधल्या ऑफिसांच्या लॉबीत प्लास्टिकच्या झाडांच्या भिंती असतात ना, त्या मी सांभाळते. सांभाळते म्हणजे पुसते. शिडी लावायची, वरून खाली येत एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायचं, फिकी पडलेली पानं उपटून नवी खोचायची आणि जाताना ओल्या मातीच्या वासाचा स्प्रे मारायचा. ओल्या मातीचा वास बाटलीत मिळतो, हे मला कॉलेजच्या चार वर्षांत एकाही सरांनी शिकवलं नव्हतं.

डिग्री मात्र खरी आहे, बरं का. बी.एस्सी. हॉर्टिकल्चर, कोकणातलं सरकारी कॉलेज. आणि ती वापरातही आहे, कशी ते ऐका. क्लायंटला भिंत ‘नॅचरल’ दिसायला हवी असते. सगळीच पानं हिरवीगार असली की माणसाला संशय येतो, म्हणून मध्ये मध्ये थोडी पिवळी पानं खोचायची असतात. आमच्याकडची पोरं ती कुठेही खोचायची. मी एकदा वैतागले आणि म्हटलं, अरे बाबांनो, झाडाला नत्र कमी पडलं की आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, शेंड्याची नाही. पिवळी खाली लावा! आमच्या कंपनीचे साहेब मागेच उभे होते, एकदम खूश झाले. ‘इसीलिए प्रोफेशनल रखा है,’ म्हणाले. त्या दिवशी मला स्वतःची इतकी लाज वाटली की डबा तसाच भरलेला घरी परत नेला.

घर आमचं तुर्भ्याला, वस्तीत, विहाराच्या मागच्या गल्लीत. पप्पा तळोज्याला एका कंपनीत शिफ्टला जातात. मम्मी सानपाड्याच्या एका ज्युनियर कॉलेजात कामाला होती. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे, फळे आणि बाक पुसायचे, स्टाफरूमला चहा न्यायचा. तिकडे तिला सगळे मावशी म्हणायचे, प्रिन्सिपल सरसुद्धा. खांद्यावर पिवळं फडकं आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा, अशीच मी तिला लहानपणापासून पाहिलीय. मीही त्याच कॉलेजात अकरावी-बारावी केली. मुलांना माहीत होतं मी मावशींची मुलगी आहे, त्याचं मला काही वाटायचं नाही. खरंच नाही. तेव्हा मी आतापेक्षा बरी होते.

बारावीला मला डॉक्टर व्हायचं होतं. मार्क आले नाहीत. मग आमच्या बायोलॉजीच्या मॅडमनी सुचवलं, हॉर्टिकल्चरला जा, फळबागांचं शास्त्र असतं, तुला झाडांची आवड आहे. मम्मीनं कपाळाला हात लावला. तिचं माहेर मराठवाड्यातलं. तिकडे आमच्या माणसांच्या नावावर कधी रान नव्हतंच. माझी आजी जन्मभर दुसऱ्याच्या रानात खुरपत राहिली आणि लग्न होईपर्यंत मम्मीही तेच करत होती.

‘आता गं माय!’ ती म्हणाली. ‘रानातून पळून आम्ही हितं आलो, आन् तू फी भरून रानात चाललीस व्हय?’

मॅडमनी तिला बसवून समजावलं. बँकेत कृषी अधिकारी होता येतं, सरकारी परीक्षा देता येतात, नर्सरी, लॅब, बियाण्यांच्या कंपन्या, पुढे शिकली तर प्रोफेसर. मम्मीनं त्यातला ‘अधिकारी’ तेवढा पकडला. मग काय विचारता! आठवड्याभरात अख्ख्या गल्लीला आणि अख्ख्या कॉलेजला कळलं की मावशींची पोरगी झाडांची डॉक्टर होणार आहे. भाजीवाल्यापासून नगरसेवकाच्या बायकोपर्यंत तिनं कुणाला सोडलं नाही.

कॉलेजात गेल्या गेल्या आम्हाला प्रत्येकाला एकेक वाफा दिला. चार पावलं लांब, दोन पावलं रुंद, एवढीशी माती. ती खणायची, पेरायची, जगवायची आणि त्यावर मार्क. वाफ्याच्या डोक्याशी लाकडी पाटी आणि पाटीवर आपलं नाव. बरोबरीच्या बहुतेकांच्या घरी बागा होत्या, त्यांना त्या पाटीचं काय कौतुक? मी मात्र उकिडवी बसून तिच्याकडे बघतच राहिले. आमच्या घराण्यात जमिनीच्या तुकड्यावर पहिल्यांदा कुणाचं तरी नाव लागलं होतं, सेमिस्टरपुरतं का होईना. मी फोटो काढून मम्मीला पाठवला. तिनं तो स्टाफरूममध्ये चहाबरोबर सगळ्यांना दाखवला.

मी रमले हो तिथे. उन्हानं काळी ठिक्कर पडले, आंब्याच्या चिकानं हाताची कातडी निघाली, पण रमले. आंब्याचं कोय कलम करायला शिकलो तेव्हाची गोष्ट. नुकत्याच उगवलेल्या रोपाचा शेंडा छाटायचा, खाच पाडायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखं तासून तिच्यात बसवायचं, वर पट्टी गुंडाळायची आणि गप वाट बघायची. माझी आधीची सगळी कलमं वाळून गेली. मग एका सकाळी एका काडीवर तांबूस, लुसलुशीत पानं फुटलेली दिसली आणि मी अशी किंचाळले की सर धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. दोन वेगळी झाडं एक झाली होती आणि ते माझ्या हातून झालं होतं. इतका आनंद मला त्यानंतर कुठल्याच कामात झाला नाही.

पास झालो आणि पांगलो. बॅचच्या ग्रुपवर सगळ्यांचं कळतं. एकजण बँकेत कृषी अधिकारी झाला आणि टाय लावलेला फोटो टाकून मोकळा झाला. एकजण पुण्यात स्पर्धा परीक्षा देतोय, देतोच आहे. दोघी टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये केळीची रोपं बनवतात. ज्यांच्या बागा होत्या ते बागांत गेले, त्यातल्या काहींनी नर्सरी टाकली आणि त्यांचं बरं चाललंय. एक मैत्रीण इथेच तुर्भ्याला पॅकहाउसमध्ये परदेशी जाणारे आंबे तपासते. सीझनला तिला जेवायची फुरसत नसते आणि सीझन संपला की नोकरीच नसते. माझ्याकडे बाग नव्हती. बँकेच्या परीक्षेत दोनदा थोडक्यात हुकले. मग ही कंपनी मिळाली, ऑफिसांना भाड्यानं झाडं देणारी.

सुरुवातीला खरीच झाडं होती, हे सांगायलाच हवं. एसीत, बिनउन्हाचं झाड कितीही लाडानं ठेवा, ते हळूहळू मान टाकतं. म्हणून प्रत्येक ऑफिसासाठी झाडांचे दोन संच असायचे. एक लॉबीत ड्युटीवर, दुसरा आमच्या नर्सरीत जाळीखाली आराम करणारा. ठरल्या दिवशी टेम्पो जायचा आणि ड्युटी बदलायची. दमून परत आलेल्या झाडांना मी बरं करायचे. ते काम मला आवडायचं. मग एका क्लायंटला अख्खी भिंत हिरवी पाहिजे झाली. आम्ही खऱ्या झाडांची भिंत उभारली. तिची नळी गळली, कुणाच्या तरी बुटात पाणी गेलं, डास झाले, झाडं पटापट मेली. तिथल्या साहेबांनी सरळ सांगितलं, ग्रीन पाहिजे, कटकट नको. मग प्लास्टिक आलं. एकीकडे आलं तसं सगळीकडे आलं, नर्सरी बंद झाली आणि माझ्या हातात शिडी आणि फडकं राहिलं. कार्डावरचं नाव तेवढं तसंच ठेवलं त्यांनी.

घरी मी काहीच सांगितलं नाही. कसं सांगणार? मम्मी सगळ्यांना सांगत होती, पोरगी मोठमोठ्या ऑफिसांच्या बागा बघते.

त्यातच मी एक झाड घरी आणलं. पांढऱ्या फुलांची पीस लिली, प्लास्टिकची, महागातली. एका लॉबीतून काढून टाकली होती, कारण एका फुलावर कॉफी सांडून डाग पडला होता. फेकवेना मला. डाग मागच्या बाजूला केला आणि घेऊन आले.

मम्मी दारातच होती. ‘अय्या, तुझ्या बागेतलं का गं?’

‘हो,’ मी म्हटलं.

एवढंच. खरं काय ते चहा झाल्यावर सांगू म्हटलं, जेवताना सांगू म्हटलं. तोवर तिनं ती कुंडी बाहेर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवून शेजारच्या काकूंना बोलावलं पण होतं. ‘हात नका लावू हां, परदेशी हाय, नाजूक असतंय,’ असं ती त्यांना सांगत असलेलं ऐकलं आणि मी आतल्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मोरीतला मग घेऊन त्या झाडाला पाणी घालत होती. मी ब्रश तोंडात धरून बघत राहिले. मग हे रोजचंच झालं. ती पाणी घालायची, मी नजर चुकवून चपला घालायचे. मी शिकलेली बाई! कुंडीला खाली भोक नाही, आत थर्माकोल आहे, मग रोज घातलेलं पाणी जातं कुठे, हा प्रश्न मला एकदाही पडू नये? मुळाशी पाणी साचलं तर काय होतं यावर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिलेली. पण तिकडे नीट बघायचीच मला लाज वाटत होती, तर प्रश्न कुठून पडणार.

मग मम्मीची रिटायरमेंट आली. कॉलेजनं शाल, नारळ, साडी असं काय काय ठरवलं होतं. ही सरळ प्रिन्सिपल सरांच्या केबिनमध्ये गेली आणि म्हणाली, मला सत्कार नको. बारावीच्या मुलांना पुढे काय शिकायचं ते सांगायला दरवर्षी पाहुणे बोलवता, यंदा माझ्या पोरीला बोलवा. ती स्टेजवर बोलताना मला एकदा बघायची हाय, मग मी सुखानं घरी बसते. सर तयार झाले.

मला हे सांगितलं तेव्हा मी अक्षरशः ओरडले. ‘मला विचारायचं तरी! मी काय बोलू तिथे?’

‘का? तू काय काम करतीस ते सांग की,’ ती म्हणाली. ‘तेवढंच तर सांगायचं हाय.’

मी तापाचं सोंग घ्यायचं ठरवलं होतं. पण त्या आठवडाभर तिचं जे चाललं होतं ते बघून हिंमत होईना. निळ्या काठाची पांढरी साडी इस्त्री करून आणली. कोण कुठे बसणार, पंखे चालतात का, माईक कुठल्या सरांकडे असतो, सगळं रोज मला ऐकवायची. या एका सकाळसाठी तिनं शाल-नारळ सोडला होता. ती सकाळ आपल्याकडून नासली तर मी तिला तोंड दाखवू शकणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हणून ठरवलं, बँक, परीक्षा, लॅब, नर्सरी असं जनरल बोलायचं आणि स्वतःविषयी फक्त कार्डावरचं नाव सांगायचं. विषय संपला.

त्या दिवशी ती माझ्याआधी पोहोचली होती. मी गेले तर इस्त्रीच्या साडीवर, खांद्यावर तेच पिवळं फडकं.

‘मम्मी, आजच्या दिवशी तरी ते ठेव ना,’ मी म्हटलं.

‘ठेव कसं? तू बोलनार त्या टेबलावर धूळ ऱ्हाऊ देऊ व्हय?’ आणि ती लगबगीनं पुढे गेली.

मी स्टेजवर चढले आणि बघते तर काय! टेबलावर, माईकच्या शेजारी, आमच्या कट्ट्यावरची पीस लिली ठेवलेली होती. पानांवर पाण्याचे थेंबसुद्धा शिंपडलेले. तिनं ती घरून, रिक्षातून, मांडीवर घेऊन आणली असणार. समोर सगळी सायन्सची मुलं. त्यांच्यापुढे, आजच्या दिवशी, मम्मी प्लास्टिकला पाणी घालणारी बाई ठरणार होती. माझ्यामुळे.

सरांनी ओळख करून दिली. मावशींची मुलगी, आपलीच विद्यार्थिनी, आज मोठ्या पदावर, वगैरे. टाळ्या झाल्या. मी कुंडी हळूच स्वतःच्या अंगाआड घेऊन बोलायला लागले. वाफा सांगितला, कलम सांगितलं, कुणाकुणाला कुठे नोकऱ्या लागल्या ते सांगितलं. बरं चाललं होतं. मम्मी मागच्या दारात उभी होती. इतक्या लांबूनही ती हसतेय हे दिसत होतं.

मग पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. चष्मेवाली, हुशार दिसणारी.

‘मॅम, तुमच्यामागे आहे ती पीस लिली ना? आमच्या घरी सारखी मरते. तुम्ही एवढी छान कशी ठेवली? पान बघू का जरा?’

आणि बया निघालीच की स्टेजकडे! मी काय करणार होते? नको हात लावू म्हटलं असतं तर आणखी संशय. ती दोन पायऱ्या चढली आणि मी माईकमध्ये म्हणाले, ‘प्लास्टिकची आहे ती.’

हॉल हसला. मी घाईघाईनं पुढे म्हटलं, ‘मीच आणायला सांगितली होती मम्मीला. तुम्हाला दाखवायला. कारण मी हेच काम करते.’

मुलगी जागच्या जागी थांबली. माझं डोकं एकदम हलकं झालं. मम्मी वाचली, माझं काय व्हायचं ते होवो! मग मी सगळंच सांगितलं. दोन संच, ड्युटी बदलणारी झाडं, गळकी भिंत, बुटात गेलेलं पाणी. पिवळी पानं खाली का लावायची तेही सांगितलं, तर मुलं खिदळायला लागली. ओल्या मातीच्या स्प्रेला तर मागच्या बाकांवरून शिट्ट्या आल्या. कधी कुणी माझं इतकं कान देऊन ऐकलं नव्हतं. मला चेवच चढला.

‘तर बघा,’ मी म्हटलं, ‘चार वर्षं हॉस्टेलला राहिले, उन्हात करपले, एवढं शास्त्र शिकले, आणि शेवटी हातात काय आलं? फडकं!’

काय हशा पिकला! टाळ्या, बाकं बडवणं. सरसुद्धा रुमालानं डोळे पुसत होते. मीही हसले. मग मी मुलांना नीट सांगितलं की माझं बघून घाबरू नका, हे शिक्षण चांगलं आहे, मला परत विचारलं तर मी परत हेच घेईन, फक्त बँकेच्या परीक्षेला जास्त अभ्यास करेन. चष्मेवाल्या मुलीनं आणखी प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. संपवून मागे बघितलं तर दारात मम्मी नव्हती.

सर फोटोसाठी ‘मावशी, मावशी’ करत राहिले. ती नळाशी कप विसळत होती. आली, फोटोत उभी राहिली, सगळ्यांच्या पाया पडण्याला ‘असू दे, असू दे’ म्हणाली. सगळं व्यवस्थित. पण खांद्यावर फडकं नव्हतं आणि माझ्याकडे बघत नव्हती.

परत जाताना आम्ही रिक्षा केली. कुंडी तिच्या मांडीवर. सानपाड्याचा पूल ओलांडेपर्यंत ती तोंड फिरवून बसली होती. मला वाटलं, चारचौघांत प्लास्टिक म्हटलं ते लागलं.

‘मम्मी, सॉरी,’ मी म्हटलं. ‘मी तुला आधीच सांगायला पाहिजे होतं की ते खोटं आहे.’

‘मला ठाव हाय ते.’

‘कधीपासून?’

‘आणलंस तवापासून. हात लावला की कळतंय. मी काय येडी हाय का?’

‘अगं मग रोज पाणी कशाला घालत होतीस?’

‘तू बगत होतीस म्हनून.’ ती कुंडीवरचं पान उगाच सरळ करत होती. ‘तुला सांगायची लाज वाटायली होती, ते दिसत होतं की मला. म्हटलं, पोरीला वाटतंय मला कळलं न्हाई, तर तसंच वाटू दे. सांजच्याला मोरीत ओतून टाकायचे. आन् टेबल मोकळं दिसत होतं म्हनून आज नेलं. कोन उठून हात लावंल, असं काय वाटलं न्हाई मला.’

मी इतके दिवस तिला फसवत होते आणि ती रोज सकाळी मगभर पाणी घालून मला सांभाळून घेत होती. डोळे भरून आले. ते पुसत मी विचारलं, ‘मग आज रागावलीस कशाला?’

‘रागावले न्हाई.’

तुर्भ्याच्या सिग्नलला ट्रकांच्या रांगेत रिक्षा अडकली. सगळीकडे हॉर्न. ती बाहेर बघत होती.

‘तू फडकं म्हनलीस ना,’ ती म्हणाली, ‘तवा सगळी हसली. मीबी हसले आदी. मग माझ्या हातात बघितलं.’

सिग्नल सुटला. कान असे तापले होते की वाराही सोसेना. तिला वाचवायला म्हणून मी तोंड उघडलं होतं. आणि तिच्या शेवटच्या दिवशी, तिच्याच कॉलेजात, तिनंच पुसलेल्या टेबलावर हात टेकून, तिच्या जन्मभराच्या कामावर मी हॉलभर माणसं हसवली होती. त्याच फडक्यावर माझी फी भरली गेली होती. ती पाटी, तो वाफा, ती तांबूस पानं, सगळं त्यातूनच आलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी जाग आली तेव्हा ती नेहमीच्याच वेळेला उठलेली होती. कॉलेज नव्हतं तरी. मी आवरून, बॅग घेऊन दारात आले. ती कट्ट्याशी बसली होती. हातात मग नव्हता. ते पिवळं फडकं होतं, स्वच्छ धुतलेलं, आणि ती पीस लिलीचं एकेक पान तळहातावर घेऊन पुसत होती. मी चपला घालायला खाली वाकले.

शेजारच्या काकू बादली घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या. ‘का हो, आज पाणी नाही घातलं?’

‘पानी कशाला? प्लास्टिकचं हाय,’ मम्मी म्हणाली. ‘ह्याला पुसायचं असतंय.’

‘अगं बाई! आणि तुमची पोरगी तर बागा बघते ना?’

‘असल्याच बागा हायेत त्या. लई मोठ्या, भिंतीएवढ्या. पिवळं पान कुठं लावायचं ते हिलाच इचारतात सगळे.’

‘म्हणजे ही तिथं करते काय?’

‘पुसते,’ मम्मी म्हणाली, ‘माझ्यावानी.’

झाडांची डॉक्टर म्हणताना तिच्या आवाजात जो तोरा असायचा, तोच होता. तसूभरही कमी नाही. माझ्या चपलेचा पट्टा केव्हाच लागला होता. मी तो काढला, परत लावला, परत काढला, पण मान काही वर करता येईना.